धर्माजींचा वाटा

मीठ आधी टाकायचं की दही, यावरून दोन्ही जावांची जुंपली, तेव्हा निघून गेलेले पाहुणे अजून गल्लीच्या तोंडाशीही पोचले नसतील.

"मीठच! मीठ पाणी ओढून घेतं," असं म्हणत नलू बरणीच घेऊन आली.

"मीठ लोणच्याला. लोकरीला दही लागतं," रंभाबाई म्हणाल्या. "माझ्या आईनं शालूवरचा विड्याचा डाग दह्यानं काढला होता."

"तुमच्या आईच्या शालूवर वाईन सांडली होती का, जाऊबाई?"

"आमच्या माहेरी असलं काही सांडत नाही."

एरवी यावर नलू खळखळून हसली असती. धाकट्या भगवंताची ही बायको हसायला निमित्तच शोधायची. आज ती हसली नाही. तिनं मूठभर मीठ डागावर फेकलं, तिच्यामागून रंभाबाईंनी वाटीभर दही ओतलं, आणि त्यांची नणंद चंद्रकांता हातातलं फडकं घेऊन नुसती बघत राहिली.

"घासू नका," ती एवढंच म्हणाली. "टिपा. घासलं की आत जातं."

पण ते आत गेलंच होतं. लोकर म्हणजे काही स्टीलचं ताट नव्हे. जांभळा डाग मिठानं निळसर झाला, दह्यानं राखी झाला, आणि खोलीत आंबट वास सुटला.

गालिचा चंद्रकांतेचा होता. मनोरच्या विणकाम केंद्रात ती मुलींना गाठी मारायला शिकवायची. तिथल्याच मोडीत काढलेल्या मागावर, सुट्टीच्या दिवशी जाऊन जाऊन तिनं दोन वर्षांत तो विणला होता. हळदीच्या रंगाचा, काठानं निळी वेल. "माझ्या घरात अंथरीन," असं ती विणून झाल्यावर म्हणाली होती, आणि ते घर कुठलं हे विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. तेव्हापासून तो आईच्या, राहीबाईंच्या, खाटेखाली, जुन्या धोतरात, कडुनिंबाच्या पाल्यासकट गुंडाळून पडला होता. आज सकाळी रंभाबाईंनी तो कुणाला न विचारता ओढून काढला आणि बाहेरच्या खोलीत अंथरला. "त्यांनाही कळू दे, कुणाच्या घरी आलोत ते," असं खंडेराव म्हणाला होता. घरातला थोरला तो, आणि त्याच्या बायकोनं तो हुकूम समजला.

'ते' म्हणजे देवूच्या घरची माणसं. मनोरच्या पुढं डोंगरात त्यांचा पाडा. देवू आश्रमशाळेत मास्तर. चंद्रकांतेनं त्याचं नाव घरात काढलं त्याला वर्ष झालं होतं, आणि त्या वर्षात या घरात धड जेवण कुणाला गोड लागलं नव्हतं. शेवटी आज देवूला घेऊन त्याचा बाप बुधा आणि आत्या मंगळी मागणी घालायला आले होते.

मागणी त्यांच्या रीतीनं. मुलाकडच्यांनी बाटली आणायची, मुलीच्या बापानं घोट घ्यायचा, की झालं पक्कं. देवूनं आधीच बापाला बजावलं होतं, घर माळकरी आहे, दारू नको. मग बुधानं मनोरच्या दुकानातून वाईनची बाटली आणली. "ही दारू नाय," तो अगदी सरळ तोंडानं म्हणाला. "द्राक्षांचा रस हाय. डाक्टर बालंतीनला देतो."

आणि कुणाला द्यायच्या आधी त्यानं पूर्वजांना दिली. त्यांच्या घरात खाली सारवलेली माती. चार थेंब पडले की माती पिऊन टाकते, कुणाला पुसावंही लागत नाही. इथं खाली गालिचा होता, पण म्हाताऱ्याचं तिकडं लक्ष नव्हतं. डोळे मिटून त्यानं आपल्या आज्यापणज्यांची नावं घेतली, एकेका नावाला एकेक थेंब टाकला. मग डोळे उघडून विचारलं, "पोरीचे बापाचा नाव काय?"

राहीबाई नवऱ्याचं नाव घेणार नव्हत्या. खंडेरावानं तोंड उघडलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातून चंद्रकांताच म्हणाली, "धर्माजी."

"धर्माजीला," असं म्हणून बुधानं बाटली कलती केली. हात म्हातारा, बाटलीचं तोंड अरुंद. थेंबाऐवजी गटगट करून धारच आली आणि हळदीवर बशीएवढा जांभळा डाग पसरला.

"जास्त झाली," बुधा ओशाळून म्हणाला. "पन त्याचाच वाटा हाय."

त्यानं एकदा खंडेरावाच्या तोंडाकडं पाहिलं आणि उठला. "आमी इथं जवल पामला लेकीकड जाऊन येतो. तुमी भाऊभाऊ बोला. दिवे लागताना येऊ. बाप नाय, तं भावान घोट घ्यायचा. घेतलास तं ठरला. नाय तं बाटली परत दे, आमी रागावनार नाय."

बाटली शिवणयंत्रावर ठेवून ती माणसं निघून गेली. जाताना देवूनं चंद्रकांतेकडं पाहिलंसुद्धा नाही, इतका तो शरमला होता.

खंडेराव ओट्यावरून नळापर्यंत आणि नळापासून ओट्यापर्यंत फेऱ्या घालत होता. हवेत कारखान्यांचा रोजचाच वास होता, पण त्याच्या नाकातून घरातला वाईनचा वास जात नव्हता.

"बाटली परत द्यायची," तो भगवंताला म्हणाला.

"आणि डाग? निघतोय का बघू तरी. म्हातारा येऊन बघंल, त्याला वाईट वाटंल."

"राहू दे डाग. बघू दे."

"दादा, म्हाताऱ्या माणसाला खजील करून आपल्याला काय मिळणार?"

"मला कुणाला खजील करायचं नाही रे," खंडेराव चिडून म्हणाला. "मला नाही म्हणायला कारण पाहिजे. जात काढली तर चंद्रा जन्मात माझ्याशी बोलायची नाही. आईपण म्हणंल, बोईसरला येऊन हेच शिकलास का. पण घरात येऊन दारू सांडली म्हटलं की कोण काय बोलणार? आई माळ घालते. ती माझ्याच बाजूनं उभी राहील."

"म्हणजे डाग तुझ्या कामाचा आहे."

"तुला काय जातंय बोलायला! मंडळात मला तोंड दाखवायचंय. उद्या माझी पोर लग्नाला येईल. गावाकडची भावकी काय बोलंल?"

हे सगळं खरं होतं. बोईसरच्या भजनी मंडळाचा तो अध्यक्ष होता आणि भावकीही गप्प बसणारी नव्हती. पण या खऱ्याच्या खाली आणखी एक खरं होतं, ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. खंडेरावाला दारूची मनापासून भीती वाटायची. एकोणीस वर्षांचा असताना, संगमनेरकडच्या त्यांच्या गावात, तो बापाला गुत्त्यावरून खांद्यावर घालून आणायचा. मागच्या आळीनं, कुणी बघू नये म्हणून. धर्माजी गेले तेव्हा राहीबाई आणि तो, दोघांनी मिळून काविळीचं सांगितलं. धाकटी दोघं तेव्हा लहान होती. पुढं कारखाने आले, खंडेरावानं सगळ्यांना इकडं आणलं, आणि वडील माळकरी होते, काविळीनं गेले, हेच घराचं खरं होऊन बसलं. भगवंताला तो वास आठवत होता. चंद्रकांतेला लपवलेल्या बाटल्या आठवत होत्या. गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच कुणाला सांगितली नव्हती.

"चंद्रा त्या घरात गेली," खंडेराव हळू आवाजात म्हणाला, "आणि एखाद्या दिवशी तिलाही कुणाला तरी..." वाक्य त्यानं तसंच सोडलं आणि पुन्हा नळाकडं गेला.

भगवंताला थोरल्या भावाची दया आली. पण त्याला बहिणीचीही दया येत होती. त्याचा डिप्लोमा झाला तो तिच्या जिवावर. तिच्या बाजूनं एकदा तरी उभं राहावं असं वर्षभर त्याच्या मनात होतं, आणि वर्षभर तो खाली मान घालून जेवून उठत होता. उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं हेच त्याला कळत नव्हतं. आता त्याला करण्यासारखं काहीतरी सापडलं. तो सायकल घेऊन निघाला.

"कुठं चाललास?"

"आलोच."

भगवंत रंगाच्या कारखान्यात होता. नखं बारा महिने कुठल्या ना कुठल्या रंगाची. कुंभवलीच्या बाजूनं तो कारखान्यांच्या वसाहतीत शिरला, पाळीवरच्या दोस्ताकडून कागदात बांधलेली पांढरी पूड घेतली आणि घामाघूम होऊन परत आला.

"काय आणलंत?" नलूनं नाकाला पदर लावला. पुडीला सडक्या अंड्यासारखा वास होता.

"हायड्रो. टाक्या धुतो आम्ही यानं. एका पाण्यात रंग गायब. तुमचं मीठ न् दही ठेवा बाजूला आता."

"पण लोकरीवर चालतं का?"

"अगं, मी रंग बनवतो. रंग काढता येणार नाही मला?"

चंद्रकांता दह्यानं माखलेली लोकर पाण्यानं पुसत होती. केंद्रातल्या मुलींना ती रोज सांगायची, कुठलंही नवं पाणी आधी एका धाग्यावर लावून बघा, मग लोकरीला दाखवा. तेच आता तिच्या ओठांवर आलं होतं. पण ऊन उतरायला लागलं होतं, बाहेर दादाच्या चपला वाजत होत्या, आणि तो डाग बुधाला पुन्हा दिसू नये एवढंच तिच्या डोक्यात होतं. आपल्या हातून वाईट झालं असं वाटून तो म्हातारा या घराची पायरी पुन्हा चढला नाही तर?

"टाक," ती म्हणाली.

भगवंतानं कोमट पाण्यात पूड कालवली आणि फडक्यानं डागावर दाबली.

डाग गेला. खरंच गेला. राखी होता तो तपकिरी झाला, तपकिरीचा फिका झाला, आणि बघता बघता उरलाच नाही. नलूनं टाळी वाजवली. रंभाबाईंनी सुद्धा "अगंबाई!" म्हणून कौतुकानं दिराकडं पाहिलं. भगवंत उठून दारापाशी गेला. दादाला हाक मारायला त्यानं तोंड उघडलं, आणि मागून चंद्रकांतेचा आवाज आला.

"भगवंता, हळद चाललीय."

डागाच्या जागी पांढरं पडलं होतं आणि ते पांढरं हळूहळू कडेनं वाढत होतं. भगवंतानं धावत येऊन तांब्याभर पाणी ओतलं. ते पाणीच औषध घेऊन वेलीपर्यंत गेलं आणि दोन निळी पानं त्याच्या डोळ्यांदेखत पुसली गेली. नलूनं पोतं आणून दाबलं, रंभाबाईंनी आपला पदर दाबला. सगळं थांबलं तेव्हा गालिच्याच्या मधोमध परातीएवढा पांढरा तुकडा होता.

चंद्रकांता खाली बसली. रडली नाही. पांढऱ्या लोकरीत तिनं बोटं घातली, गाठी घट्टच होत्या, त्यांना काही झालं नव्हतं.

"दोन वर्षं विणला मी हा," ती म्हणाली. "दोन वर्षं. एक सुट्टी घरी बसले नाही."

"चंद्रा, मी..." भगवंतानं ओलं फडकं हातातच पिळलं.

"आता त्यांना का बोलता?" नलू एकदम उसळली. सकाळपासून ती नणंदेच्या बाजूची होती, पण नवऱ्याचं उतरलेलं तोंड तिला बघवेना. "तुमच्यासाठीच गेले ना उन्हातान्हाचे? टाक म्हणाला कोण?"

"मीच म्हणाले. मी त्याला काही बोलले का?"

"तोंड सांगतंय की तुमचं!"

"नले, गप बस," रंभाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा करडा होता, पण डोळे भरून आले होते. "अंथरला कुणी? मी. तिचा जीव होता त्याच्यात, आणि मी सतरंजीसारखा ओढून अंथरला. विचारलंसुद्धा नाही. वन्सं, मला बोला काय बोलायचं ते."

वन्संना आणि थोरल्या वहिनींना एकमेकींशी इतकं सरळ बोलताना नलूनं आजवर पाहिलं नव्हतं. ती पोतं उचलून बाजूला झाली.

खंडेराव दारात येऊन उभा राहिला. त्यानं गालिच्याकडं पाहिलं, भगवंताकडं पाहिलं. बोलायला त्याच्याकडं पुष्कळ होतं, पण बोलणार कुणाला? पाहुण्यांनी डाग पाडला म्हणायची सोय राहिली नव्हती. डागाच्या दसपट नासधूस घरच्या माणसानं करून ठेवली होती. त्याचं कारणच भगवंतानं धुऊन टाकलं होतं.

"ती बाटली कागदात बांधून ठेव," तो शेवटी बायकोला म्हणाला. "आले की हातात देऊ."

"तुम्हाला हात आहेत," रंभाबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं नाही जायची ती."

एवढ्या वर्षांच्या संसारात रंभाबाईंनी असं उत्तर दिलं नव्हतं. खंडेराव दारातून बाजूला झाला आणि पुन्हा नळाकडं गेला.

आतल्या खोलीत राहीबाई खाटेवर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी लेकीला हाक मारली.

"काय झालं?"

"रंग गेला मधला. पांढरा पडला."

"नीट होतो का?"

"गाठी उपसून पुन्हा भरता येतील. पण तसली हळद पुन्हा मिळायची नाही. वेगळी दिसेल."

राहीबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं.

"खरं सांग. तो पितो का?"

"देवू? सणावाराला घेतो. खोटं नाही सांगत तुला."

"आणि घेतल्यावर?"

"गातो. एकदा शाळेच्या पटांगणात गाऊन गाऊन झोपला, पोरांनी चादर घातली अंगावर."

"हसू नको. मारणार नाही कशावरून?"

"आई, ते लग्नाआधी कुणाला कळलंय?"

राहीबाईंना तरी कुठं कळलं होतं? त्यांच्या बापानं स्थळ पारखून घेतलं होतं. सात पिढ्यांचं माळकरी घर, जमीन पाण्याखालची, पत्रिका जुळलेली. लग्न झालं, धर्माजींचं पहिलं कवतिक सरलं, आणि एका संध्याकाळी ते भिंत धरत घरात आले. मारलं त्यांनी कधी नाही. पण त्यांची वाट बघण्यात राहीबाईंचं सगळं तरुणपण गेलं. आता आपली लेक कुणाची वाट बघत बसणार, या विचारानं त्या रात्रीच्या उठून बसायच्या. आणि तिनं याच घरात, भावजयांच्या मधे, म्हातारं व्हायचं हेही त्यांना बघवत नव्हतं. वर्षभर त्या या दोन भीतींच्या मधे इकडून तिकडं होत होत्या.

"आई," चंद्रकांता म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मी मोडते. पुन्हा नाव नाही काढायची. पण तू म्हण. दादाच्या तोंडून नको."

"मी काय म्हणू?"

"जे वाटतं ते."

राहीबाईंना जे वाटत होतं ते बोलायला सोपं नव्हतं. मघाशी त्या म्हाताऱ्यानं धर्माजींचं नाव घेऊन बाटली कलती केली, तेव्हा सगळे डागाकडं बघत होते. राहीबाईंच्या अंगावर काटा आला होता, आणि तो रागाचा नव्हता. नवरा गेल्यापासून दर पितृपक्षात त्यांनी खीर केली, वडे केले, भाजी आवडीची केली. पण धर्माजींचा जीव जिच्यात होता ती वस्तू त्यांच्या नावानं कुणी दिली नव्हती. ती दिली कुणी, तर डोंगरातल्या एका परक्या माणसानं. नाव विचारून दिली.

हे लेकीला सांगावं असं त्यांना वाटलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "जा, चहाचं आधण ठेव. येतील ती माणसं."

चंद्रकांता उठून गेली. तिला उत्तर मिळालं नव्हतं.

दिवे लागायच्या वेळी पाहुणे आले. रंभाबाईंनी गालिचा गुंडाळायला घेतला होता, तर चंद्रकांतेनं त्यांचा हात धरला. "राहू द्या वहिनी. आहे तसा दिसू दे." नलूनं मुकाट्यानं कोपरा सरळ केला. खंडेराव शिवणयंत्रापाशी उभा होता. हातातली बाटली त्यानं स्वतःच कागदात बांधली होती, आणि ती नीट बांधलीही गेली नव्हती.

बुधा आत आला आणि उंबऱ्यातच थांबला. मंगळी त्याच्या पाठीशी, तिच्या मागं देवू. म्हाताऱ्याची नजर गालिच्यावर गेली. तो पुढं येऊन उकिडवा बसला, पांढऱ्यावरून हात फिरवला, बोटांचा वास घेतला.

"रंग कुठं गेला?"

भगवंताचे ओठ हलले. "बाबा, ते मी..." एवढंच तो म्हणाला आणि त्याला ठसका लागला.

बुधानं त्याच्याकडं पाहिलं. त्याच्या पिवळ्या नखांकडं पाहिलं, पाण्यानं भिजलेल्या पोत्याकडं पाहिलं, खंडेरावाच्या हातातल्या कागदी पुडक्याकडंही पाहिलं. मग बहिणीकडं वळून म्हणाला, "मंगले, बग. डाग हाय का?"

"नाय," मंगळी वाकून म्हणाली.

"मंग? पियाला धर्माजी. सगली पियाला. रंगसुदा ठेवला नाय."

"लई दिवसांचा तहानेला व्हता गं बाई," मंगळी भिंतीशी येऊन उभ्या राहिलेल्या राहीबाईंना म्हणाली.

म्हाताऱ्याला खरंच तसं वाटलं, की या घराची शरम झाकायला तो तसं बोलला, हे पुढं त्याची सून होऊनही चंद्रकांतेला कधी कळलं नाही. देवूनं मात्र जमिनीकडं पाहिलं.

"आमचे वडील पीत नव्हते," खंडेराव म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण हातातला कागद चुरचुरत होता. "माळकरी होते ते."

तेव्हा राहीबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावला तरी आवरेना. लेक, सुना, मुलगे सगळे घाबरून त्यांच्याकडं बघायला लागले, कारण आईला असं हसताना त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसणं राहिलं नाही.

"पीत होते," त्या म्हणाल्या.

"आई!"

"पीत होते, खंडू. तूच खांद्यावर घालून आणायचास त्यांना. एवढंसं पोर तू. तुझा खांदा सुजायचा, मी तेल लावून द्यायची. आणि सकाळी दोघंही काही झालंच नाही असं वागायचो." त्यांनी नाक पुसलं. "लई तहान होती त्यांना. खरं बोलते ही बाई."

भगवंतानं खाली पाहिलं. चंद्रकांतेनं दादाकडं पाहिलं आणि तिला पहिल्यांदाच तो एकोणीस वर्षांचा दिसला. त्याच्यावरचा वर्षभराचा राग तिला त्या क्षणी धरवेना.

राहीबाई भिंतीला धरून पुढं झाल्या आणि बुधासमोर बसल्या.

"तुमच्यात घोट कुणी घ्यायचा असतो म्हणालात?"

"पोरीचे बापान."

"बाप नसला तर?"

"भावान."

"आणि बापानंच घेतला असला, तर मग भावाला विचारायचं कारण उरतं का?"

रीतीची गोष्ट होती, विचार केल्याशिवाय बोलणं बरं नव्हे. बुधानं मंगळीकडं पाहिलं. मंगळीनं मान हलवली.

"नाय," तो म्हणाला. "बाप तो बाप."

"मग झालं तर. घेतलाय त्यांनी. तुमच्याआमच्या देखत घेतलाय, हा इथं." राहीबाईंनी पांढऱ्या लोकरीवर हात ठेवला. मग मान वळवून लेकीला म्हणाल्या, "चंद्रे, मी सांगितलं बरं का. दादाच्या तोंडून नाही."

चंद्रकांतेनं मान हलवली आणि रंभाबाईंच्या खांद्याला धरून उभी राहिली.

आता सगळे खंडेरावाकडं बघत होते. पुडकं त्याच्या हातात होतं. ते त्यानं बुधाच्या ओंजळीत ठेवलं असतं तर आईच्या शब्दालाही काही किंमत उरली नसती. रीत ती रीत, बाटली परत म्हणजे परत. तो दोन पावलं पुढं आला. देवूनं डोळे मिटले.

खंडेराव गालिच्यावर बसला. वर्षानुवर्षं वाहिलेल्या कुणाला तरी खांद्यावरून उतरवून ठेवल्यासारखा तो बसला, जड आणि एकदम. कागदाची गाठ त्याला सुटेना, म्हणून त्यानं ती तोडली. नलूनं न सांगताच आतून फुलपात्रं आणली. त्यानं दोन फुलपात्रं बुधा आणि मंगळीपुढं मांडली आणि दोन्हींत ओतली. एक थेंब बाहेर पडला नाही.

"तुम्ही घ्या," तो म्हणाला. "आमच्या घराच्या वाट्याची पिऊन झाली."